दोनदा हात मारला की

मास्तरांनी मागून येऊन नर्सबाईंच्या गळ्याभोवती दंड आवळला, तेव्हा मास्तरांची लेक दोन पावलं पुढे आली. न विचारता कोणी अंगाला हात लावणार नाही, असा शब्द तिने बाईंना दिला होता. त्याच शब्दावर बाई ज्युदो शिकायला आल्या होत्या. आधीच्या साऱ्याजणी एकेक करून गळल्या होत्या. ही शेवटची गेली की बायकांचा वर्ग बंद, असं मास्तरांनी सांगूनच टाकलं होतं. जशा काही त्या सगळ्या हवा खायला आल्या होत्या!

नर्सबाईंनी मास्तरांच्या दंडावर दोनदा हात मारला. हात मारला की पकड सोडायची, हा या खेळातला पहिला धडा.

मास्तरांनी सोडलं नाही. "रस्त्यावर कोण सोडतं, बाई? सुटा आता!"

पलीकडे सराव करणारी पुरुषमंडळी हसली. मास्तरांनी आपल्या सवडीने पकड सैल केली. पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाईंनी पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परका असता तर चार शब्द सुनावता आले असते, पण हा बाप. याच हॉलमध्ये त्याने तिला जीव लावून, न लागता पडायला शिकवलं होतं.

"मास्तर, मला धरा," ती म्हणाली. वर्गात ती त्यांना मास्तरच म्हणायची.

मास्तर खुलले. "बघा रे, ही कशी सुटते!"

त्यांनी पकड घातली. ती सुटली नाही. तिने हात नुसते खाली सोडले.

"सूट ना."

ती हलली नाही. त्यांनी आणखी आवळलं. हॉलमधलं हसू विरलं.

"हात मार!"

तिच्या कानात घूं घूं सुरू झालं. भीती तिलाही वाटत होती, पण हट्टाला ती बापाचीच होती.

"हात मार, पोरी!" मास्तरांचा आवाज चिरकला आणि चटका बसावा तसा त्यांनी हात काढून घेतला. ती गुडघ्यांवर बसून खोकत राहिली.

"वेडी का खुळी तू? हात का नाही मारलास?"

"त्यांनी मारला होता, बाबा. सोडलंत?"

कोणीतरी 'गुरूची विद्या गुरूला' असं पुटपुटलं, पण हसायला कोणी धजावलं नाही. मास्तर आपल्या दंडाकडे पाहत राहिले. मग दाराशी गेले. बाईंच्या एकाच पायात चप्पल होती.

"चुकलो, बाई. पुन्हा नीट शिकवतो." त्यांनी हात उचलला आणि तसाच थांबवला. "धरू का?"

उभ्या आयुष्यात त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं.

"नाही," नर्सबाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात खाली आला.

"बरं," म्हणून ते बाजूला सरले. दार मोकळं झालं.

बाईंनी मोकळ्या दाराकडे पाहिलं, मग मास्तरांच्या खाली आलेल्या हाताकडे. सावकाश दुसरी चप्पल पायात सरकवली.

"उद्या विचारा," त्या म्हणाल्या.