एव्होदियो माझा कोम्पाद्रे झाला त्याची गोष्ट

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, मला ठाऊक आहे. माझ्या सख्ख्या भावाने ठेवला नाही. पाद्रीबाबा तर अर्ध्यातूनच उठून गेले. पण आमच्या त्लाश्कालात एव्होदियो त्सोम्पान्त्सी नावाच्या सैतानाला मी पावाच्या एका तुकड्याने लोळवलं. तुम्ही उत्तरेतले ट्रकवाले, तुम्हाला काय माहीत असणार! जेवा सावकाश. माझ्या बायकोची खानावळ आहे, कोणी उठवणार नाही.

एव्होदियोचं शेत माझ्या शेताला लागून. त्याच्या नजरेने बकरीचं दूध फाटायचं, कासेतल्या कासेत. मधल्या बांधावर माझ्या बापाने लावलेली घायपातीची रांग, एकेक झाड बैलाएवढं. इतकी वर्षं जपली, आता कुठे पुल्केच्या दारूसाठी रस धरणार, तर या माणसाला साक्षात्कार झाला की बांध त्याचा. रोज सकाळी कोयता घेऊन हजर.

"काय कोम्पाद्रे, आज तोडू की उद्या?"

आता आपल्या देशात कोण कोणाला कोम्पाद्रे म्हणत नाही? नाक्यावरच्या शिपायाला तुम्ही म्हणताच, "सोडा ना, कोम्पाद्रे." पायावर पाय पडला, "माफ करा, कोम्पाद्रे." चढली की विजेचा खांबही कोम्पाद्रे. आणि सुरा काढायच्या आधी म्हणतात तो सगळ्यात गोड. एव्होदियोचा हा शेवटचा. शब्द कसला, थुंकायचाच तो माझ्या अंगावर.

"कसला रे कोम्पाद्रे?" मी ओरडायचो. "तुझं पोर कधी देवापुढे धरलं मी?"

"तुझ्या हातात पोर? गाढवाचं शिंगरू नाही देणार!"

खऱ्या कोम्पाद्रेची गोष्टच निराळी. एकाचं बाळ दुसऱ्याने बाप्तिस्म्याला देवापुढे धरलं की त्या दोघांनी जन्मभर हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही, समोर आले की टोपी काढायची. आमच्या गावात हे एकाने मोडलं. वीज पडली त्याच्यावर, घरात, खाटेखाली लपला होता तरी.

आणि आमच्याकडे बाळ येशूवरूनही हे नातं लागतं. तीन राजांच्या सणाला गोल पाव कापायचा, आत नखाएवढी बाहुली, तीच बाळ येशू. ज्याच्या दाताखाली ती येईल त्याने यजमानाच्या घरची बाळ येशूची मूर्ती नवं अंगडं घालून देवळात न्यायची, सगळ्यांना मक्याच्या पिठाचे तमाले खाऊ घालायचे. झाला तो यजमानाचा कोम्पाद्रे, अगदी पक्का.

त्या वर्षी गावचा बाळ येशू माझ्या घरी होता. तिथे वैऱ्यालाही यावंच लागतं, नाहीतर बायका त्याला विहिरीवर जगू देत नाहीत. मी पावात एक नाही, चाळीस बाहुल्या कोंबल्या. बाकीच्यांना आधीच दम दिला, "लागली तर गिळायची, तोंड उघडायचं नाही." बिचाऱ्यांनी गिळल्या.

एव्होदियोने घास घेतला. कट्ट! माझ्याकडे असं पाहिलं की मेणबत्ती विझली. आणि मेल्याने गिळली की हो तीही!

"काय लागलं?" मी विचारलं.

"बेदाणा."

तेवढ्यात त्याच्या पोटात बाळ रडायला लागलं. टँहँ टँहँ! सगळ्या गावाने ऐकलं. बायकांनी गुडघे टेकले. एव्होदियो पांढराफटक पडला, टोपी काढून पुढे आला, म्हणाला, "कोम्पाद्रे." पहिल्यांदाच, थुंकी न उडवता.

"आणि रांग?" एका ट्रकवाल्याने विचारलं. जेवायचं विसरला होता गडी.

"उभी आहे! एव्होदियो स्वतः राखण करतो तिची."

चुलीपाशी भाकऱ्या थापणारी माझी बायको, उबाल्दा, तिने हातातला गोळा परातीत आपटला.

"खोटारडे! बाळ येशू त्याच्या घरी होता! बाहुली तुमच्या दाताखाली आली, दाढ तुटली तुमची! तमाले मी उकडले! आणि त्याने रांग आडवी केली तेव्हा टोपी छातीशी धरून कोण उभं होतं? 'जपून हं कोम्पाद्रे, काटा लागेल,' म्हणत होतात त्याला!"