तीन इंचांचं काम

मेरिलने पॉलिश करायचं फोमचं पॅड मधोमध दुमडलं, सोडलं, आणि पाठीवरचा, मशीनला पकडणारा चिकटपट्टीचा गोल नखाने कडेकडेने उचकून पाहिला. गोल सुटला नाही. तरी तिने पॅड काउंटरवर परत ठेवलं.

"हे नको."

द्रागानने पुढचं पॅड सरकवलं. सगळी एकाच मापाची, तीन इंची. गाडीच्या आरशांना, काचांच्या कडेच्या खांबांना, दाराच्या मुठीमागच्या खळग्यांना लागतात तशी. सॅलिसबरीतल्या त्याच्या दुकानात ती या आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती. सोमवारी नेलेली पॅडं दीड दरवाजा होईतो सोलली. फोम एकीकडे उडाला आणि चिकटपट्टी मशीनवरच राहिली. मंगळवारी नेलेल्यांच्या कडा खळग्यात घासून फाटल्या आणि त्यांचा चुरा ती दुपारभर ब्रशने काढत बसली. आज गुरुवार होता. बाहेर उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता आणि दुकानाचं पत्र्याचं दार सारखं आपटत होतं. प्रत्येक आवाजाला मेरिल वळून पाहत होती.

शेजारच्या एलिझाबेथ गावातल्या मोटार कारखान्यात दोघांनी एकोणीस वर्षं रंगविभागात शेजारी शेजारी काम केलं होतं. कारखान्याचं फाटक बंद झालं तेव्हा द्रागानने पॉलिशच्या सामानाचं दुकान टाकलं आणि मेरिलने घराशेजारच्या शेडमध्ये गाड्या चमकवायला घेतल्या. तिचा हात त्याला ठाऊक होता. पॅड निवडायला तिला कधी पाच मिनिटांवर वेळ लागला नव्हता.

"गाडी कोणाची आहे?" त्याने विचारलं.

एका गिऱ्हाइकाची, असं ती म्हणाली. गिऱ्हाइकाला नाव असेलच की, असं तो म्हणाला. मेरिलने आणखी एक पॅड उचलून अंगठ्याने दाबलं. फोम हळूहळू फुगून वर आला. तो पुरता वर येईपर्यंत ती बघत राहिली.

"क्लाइव्हची," ती म्हणाली.

द्रागान स्टुलावर बसला. क्लाइव्ह तिचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई चार दिवस रुग्णालयात होती. मेरिलने पहिल्याच दिवशी, बुधवारी, त्याला फोन केला होता. तो दिवसभराच्या अंतरावरच्या स्ट्रीकी बे या किनाऱ्यावर मासेमारीला गेला होता. रविवारी येतो म्हणाला. आई शनिवारी गेली. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये सँडविचच्या टेबलापाशी, सगळ्यांदेखत, मेरिलने त्याला विचारलं होतं, "मासे तरी मिळाले का?" द्रागान तेव्हा हातात चहा घेऊन तिथेच उभा होता. त्या दिवसानंतर भावाबहिणीत एक शब्द झाला नव्हता. दोघांच्या घरांमध्ये मोजून तीन सिग्नल होते.

गेल्या शनिवारी क्लाइव्हची बायको ग्लेनिस गाडी घेऊन आली. गडद हिरवी, पंचवीस वर्षांची, याच कारखान्यातून निघालेली. तुझ्याच हातून करून हवी आहे म्हणतो, बारीकसारीक जागासुद्धा, एवढं सांगून तिने किल्ली ठेवली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मेरिलनेही विचारलं नाही. छत, बॉनेट, दरवाजे दोन दिवसांत झाले. तेव्हापासून मात्र ती चहा करायची आणि प्यायची विसरायची, झोपायची आणि पहाटे चारला उठून शेडमध्ये जायची.

"पॅडं वाईट नाहीत," द्रागान म्हणाला. "तू एकच पॅड लावतेस आणि त्याचा जीव जाईपर्यंत फिरवतेस. एवढ्याशा फोमला मोठ्या पॅडाइतकीच गती. तापणारच. गोंद वितळणारच."

त्याने मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. या पॅडांचा फोम दाट होता, मधोमध हवेसाठी भोक होतं. पाठीचा गोल गोंदाने न चिकटवता तापवून जोडलेला होता आणि कडेपासून बोटभर आत होता, म्हणजे खळग्यात रंगाला टणक काही लागणार नाही. सहा घे, तो म्हणाला. प्रत्येक खळग्याला नवं लाव, आधीचं निवू दे, थंड पाण्यात धू आणि उन्हात नाही, सावलीत वाळव. हे सगळं तिला माहीत होतं. तिनेच कधीकाळी ते त्याला शिकवलं होतं.

"आणि उद्या परत आलीस तर काही देणार नाही. गाडी पुरी कर आणि त्यांना फोन कर."

मेरिलने सहा पॅडं पिशवीत टाकली.

शुक्रवारी सकाळी तिने ती ओळीने फडक्यावर मांडली. आरसे झाले, खांब झाले. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीमागे नखांचे बारीक चंद्रकोरीसारखे ओरखडे होते, वर्षानुवर्षांचे, एकावर एक. त्या एका खळग्याला तिने तीन पॅडं बदलली. एकही सोललं नाही. दहा वाजता करायला काही उरलं नाही तेव्हा तिने ग्लेनिसला निरोप पाठवला, मग शेड झाडली, धुतलेली पॅडं पुन्हा धुतली, आणि झाडलेली शेड पुन्हा झाडायला घेतली.

दुपारी ग्लेनिसची गाडी फाटकाशी थांबली. ती आतच बसून राहिली. क्लाइव्ह एकटा उतरला. बारीक झाला होता. कुंपणाच्या तारेवर हात ठेवत ठेवत, जणू तार ताणलेली आहे का ते तपासत, तो शेडपर्यंत आला.

"काय गं मेर."

"ये."

वारा फार आहे, असं तो म्हणाला. आठवडाभर आहे, असं ती म्हणाली. मग प्रदर्शनात फिरावं तसे हात पाठीमागे बांधून त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबापाशी थांबला.

"एक डाग नाही," मान डोलावत तो म्हणाला. "आरसा केलास."

मेरिलने पाहिलं. त्याच्या नाकासमोर, खांबावर, निळ्या टेपची वीतभर पट्टी तशीच चिकटलेली होती. रंगाची कड झाकायला तिने लावली होती आणि काढायची विसरली होती. आधी तिला वाटलं, टोमणा आहे. लहानपणी तो असाच चिडवायचा. सरळ तोंडाने बोलायचा आणि मग हसायचा. ती त्याच्या हसण्याची वाट पाहत राहिली. तो हसला नाही. तो तिथेच उभा राहून पुन्हा म्हणाला, सुरेख.

तिने पुढे होऊन टेपचं टोक उचललं आणि पट्टी सावकाश ओढली. त्या चर्र आवाजाला त्याने मान वळवली.

"काय गं?"

"काही नाही."

तिने टेपची गोळी करून मुठीत धरली.

"गाडी विकली," मग तो म्हणाला. "मिल्डुराच्या एकाने घेतली. लायसन्स मी मार्चमध्येच परत केलं. ग्लेनिस म्हणत होती, कुठल्याही दुकानात पॉलिशला दे."

मेरिलने त्याचं मनगट धरलं आणि त्याची बोटं दाराच्या मुठीमागे नेऊन ठेवली. त्याने ती आत फिरवली, एकदा, पुन्हा एकदा, जिथे त्याचीच नखं पंचवीस वर्षं लागली होती तिथे. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

"मी निघायला हवं होतं, मेर," तो म्हणाला. "तू फोन केलास त्याच दिवशी."

"हो," ती म्हणाली. "निघायला हवं होतंस."

शेडच्या पत्र्यावर वारा खडखडत होता. तिने किल्ली घेतली, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि तो बसेपर्यंत धरून ठेवलं. मग फाटकाशी जाऊन, मीच त्याला सोडते, असं ग्लेनिसला सांगितलं. डोळे पुसून ग्लेनिसने आपली गाडी सुरू केली आणि पुढे निघून गेली.

मेरिलने गाडी अंगणातून हळूहळू रस्त्याच्या तोंडापर्यंत आणली आणि ब्रेक दाबला. क्लाइव्ह पुढे वाकला. शेजारी बसल्यावर तो नेहमी करायचा तसं त्याने कुंपणापलीकडे पाहिलं.

"डावीकडून मोकळं आहे," तो म्हणाला.

डावीकडून फुटपाथवरून टपालवालीची बॅटरीवरची तीनचाकी आवाज न करता येत होती. मेरिलने ती येऊ दिली. टपालवालीने हात केला, मेरिलने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. तीनचाकी पुरती पुढे जाईपर्यंत ती थांबली.

"बरं," ती म्हणाली, आणि गाडी रस्त्यावर घेतली.