अंगणातली निळी वाट

आजोबांच्या स्मरणाचं मोठं जेवण ठरलं, तेव्हा सालाको काकांनी माझ्या थोरल्या बहिणीला, अवेरोताईला बोलावलं. काका घराण्याचे कर्ते. पाहुण्यांसाठी एकसारखं कापड हवं आणि त्यावर आजोबांचा चेहरा हवा, असं त्यांनी सांगितलं. निळीच्या कामात आमच्या अबेओकुटा शहरात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आणि असाबी आजी?" ताईने विचारलं.

"तिचं नाव या घरात काढायचं नाही."

हे घर असाबी आजीच्या निळीच्या रांजणांवर उभं राहिलं होतं. आजोबा गेले आणि तिच्या थोरल्या सवतीच्या मुलांनी तिला बाहेर काढलं. पुढे होते ते सालाको काकाच. बाईला कसली आलीय जमीन, म्हणे. बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत ती वारली.

ताईने पाहुण्यांचं कापड मुकाट्याने रंगवून दिलं. मग स्वतःसाठी लांबच लांब तागे घेतले. कोंबडीच्या पिसाने कसावा कंदाची खळ लावून तिने आजीचे हात काढले, पणजीची टोपली काढली, पाठीला मला बांधून कापड विकणारी आमची गेलेली आई काढली. तागे निळीत बुडाले. खळ धुतली तशा सगळ्याजणी पांढऱ्या रेघांत उजळल्या.

सोहळ्याच्या सकाळी फाटकापासून अंगणापर्यंत ते तागे टांगलेले होते, दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरही. आत शिरलं की अंग निळं दिसायचं, ओल्या निळीचा उग्र वास यायचा. कापडाआड बसलेल्या आत्या एकेकीचं नाव घेऊन तिची स्तुती गात होत्या.

काका तरातरा आले. ताईने रिवाजाप्रमाणे गुडघे टेकले, पण नजर खाली केली नाही.

"उतरव ते! सोहळा बाबांचा आहे."

"आजोबांना जेवू कोण घालत होतं, काका?"

"जीभ फार चालते तुझी! मीच फाडतो."

त्यांनी आजीच्या ताग्याला हात घातला. तेवढ्यात चुलीपाशी खण्णकन आवाज झाला. अबिके काकूने, त्यांच्या स्वतःच्या बायकोने, भाताचा झारा खाली टाकला होता.

"फाडा खुशाल," ती म्हणाली. "मग पाहुण्यांना तुम्हीच वाढा."

बाकीच्या सुनांनीही हात पुसले. फाटकाशी गाड्या थांबू लागल्या होत्या. काकांनी कापड सोडलं आणि निळ्या वाटेने यावं लागू नये म्हणून ते मागच्या गटाराकडून वळसा घालून अंगणात आले. पाहुणे मात्र त्या वाटेने आले. कितीतरी बाया आजीच्या हातांवर आपला तळवा ठेवून थांबत होत्या. दुपारपर्यंत असाबीचं नाव अंगणभर झालं होतं.

संध्याकाळी काकांनी निरोप धाडला, उद्या एकही कापड दिसता कामा नये. ताईने उलट निरोप पाठवला, "दिसेल."

आणि दिसलं. दुसऱ्या दिवशी अबिके काकू आली, ताग्यांखालून एक चक्कर मारली आणि ताईसमोर ठाण मांडून बसली.

"माझं कापड कधी करणार?"

"काकू, तू तर चांगली धडधाकट आहेस!"

"म्हणूनच. मेल्यावर मला काय दिसणार आहे? आणि हे बघ, सालाकोची बायको म्हणून काढू नकोस. मी अबिके आहे. चांगली ठसठशीत काढ."

ताईने पीस खळीत बुडवलं.