धोंडीराम मिस्त्रीची रचाई

धोंडीराम मिस्त्रीला स्वतःच्या हाताबद्दल कधी शंका आली नाही. माळशिरस तालुक्यात त्याच्यासारखी कडब्याची गंजी रचणारा दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ऐकणारे मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं. पुढं तो नातेपुत्याच्या रस्त्यावरच्या एका साखर कारखान्यात लागला, भट्टीच्या विटा रचता रचता मिस्त्री झाला, पण हाताची खोड तीच राहिली. वस्तू कुठलीही असो, ओळीत बसली पाहिजे.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात कारखान्याच्या डिस्टिलरीत नवा टॉवर उभा राहिला. मळी आंबवायच्या टाक्यांतून गॅस निघतो आणि जाता जाता थोडा मद्यार्क पळवून नेतो. तो परत पकडायला हा टॉवर होता. अडीच फूट रुंद, वीस फूट उंच, आणि आत चिनी मातीच्या रिंगा, म्हणजे बूड नसलेले चहाचे पेलेच म्हणा ना. असे पाच हजार पेले. गॅस खालून चढायचा, पाणी वरून उतरायचं, रिंगांच्या ओल्या अंगावर दोघांची गाठ पडायची आणि पाणी मद्यार्काला धरून खाली आणायचं.

केमिस्ट ईश्वरप्पा सोलापुरातून नुकतेच आले होते. त्यांनी टॉवर बनवणाऱ्या कंपनीचा कागद वाचून दाखवला. "मिस्त्री, टॉवर आधी पाण्यानं भरायचा आणि रिंगा वरून ओतायच्या, असं लिहिलंय."

"ओतायला त्या काय शेंगा हायत व्हय, साहेब?" धोंडीराम म्हणाला. "तुमी कागद संबाळा, रिंगा मी बघतो."

सहा दिवस तो टॉवरमध्ये उकिडवा बसला. एकेक रिंग हातानं उभी करायची, तिच्यावर बरोबर दुसरी, तिच्यावर तिसरी. केसाइतका फरक दिसला तरी उचलून परत बसवायची. काम झाल्यावर साहेबांनी वरून डोकावून पाहिलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली. इतकं देखणं काम मोडा म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

टॉवर चालू झाला आणि त्याच्या वरच्या तोंडातून दारूचा असा वास सुटला, की शेजारच्या वस्तीवरची माणसं विचारायला आली, कारखान्यानं हातभट्टी लावलीय का म्हणून. तीन दिवस झाले तरी वास हटेना.

टॉवरच्या माथ्यावर पाणी वाटणारी एक नळी होती, सोळा भोकांची. ती वर्कशॉपमधल्या बसप्पानं केली होती. बसप्पा अक्कलकोटकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा आणि तेही मोजकंच. धोंडीरामनं चारचौघांत निकाल दिला, "भोकं वाकडी हायत. पाणी एका अंगाला जातंय." बसप्पानं मुकाट्यानं दुसरी नळी केली. वास तसाच राहिला.

मग चेअरमन आप्पा स्वतः आले. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि एवढंच सांगितलं, "शुक्रवारी मी परत येतोय. ज्याच्या हातची चूक निगंल, त्यानं गव्हाणीवर जाऊन गाडीतला ऊस उतरवायचा. कारागीर म्हनून हितं ठिवनार न्हाय." सगळ्यांच्या नजरा बसप्पाकडं गेल्या. धोंडीरामचीही गेली.

बसप्पानं वाद घातला नाही. गॅस बंद करून त्यानं नळीखाली सोळा डबे टांगले आणि पाणी सोडलं. सोळाही डबे एकदमच भरले. "भोकं सरळ हायत की, मिस्त्री," तो म्हणाला. धोंडीराम म्हणाला, "मग तुजं पाणीच वाकडं असंल," आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

गुरुवारी टॉवरची खालवरची झाकणं सकाळपासून उघडी ठेवली, आतला गॅस निघून जाऊ दिला, आणि दुपारी रंभाबाई रिंगा पेलणाऱ्या जाळीखालच्या पोकळीत तळाचा गाळ काढायला शिरली. ही बाई डिस्टिलरीत झाडलोट करायची. पण घरची दोन एकर जमीन होती आणि उसाला पाणी देताना दारं ती एकटी धरायची, एका सरीतलं पाणी तोडून दुसरीत वळवायची. पाण्याची चाल तिला माणसाच्या चालीसारखी ओळखू यायची.

"मिस्त्री, वरनं पानी सोडाय सांगा जरा," ती आतून म्हणाली. पाणी सुटलं. थोड्या वेळानं ती भिजून बाहेर आली. "तुमीच बगा आत जाऊन. एका सरीत सोडल्यालं पानी शेजारच्या सरीत कसं जाईल? मदी तुमी बांध घातल्यात."

धोंडीराम रांगत आत गेला आणि त्यानं वर पाहिलं.

त्याची रचाई इतकी सरळ होती, की पंधरा फुटांच्या थरातून आरपार आभाळ दिसत होतं. एकेक रांग म्हणजे एकेक नळकांडं झालं होतं. त्यातल्या सोळा नळकांड्यांतून पाणी खाली येत होतं आणि बाकीच्या साठाएकांतून कोरडा उजेड. गॅसला मोकळी वाट आयतीच मिळाली होती. पाण्याला भेटायची त्याला गरजच नव्हती. रिंगा वेड्यावाकड्या पडल्या असत्या, तर पाणी अडखळत, फुटत, चारी अंगांनी पसरलं असतं. आयुष्यात इतकं सुंदर काम आपल्या हातून झालं नव्हतं, हे धोंडीरामला कळलं, आणि तेच चुकलं होतं हेही कळलं. त्याला लाज वाटली. बसप्पाच्या तोंडावर आपण हसलो होतो, याची जास्त वाटली.

तो बाहेर आला तेव्हा रंभाबाई पदर पिळत होती. "मी काय बगितलं न्हाय," ती हळूच म्हणाली. "तुमचं तुमी ठरवा."

शुक्रवारी आप्पा आले. ईश्वरप्पा साहेब घसा खाकरून नळीबद्दल काही सांगणार, एवढ्यात धोंडीराम पुढं झाला.

"आप्पा, बसप्पाची नळी सोन्यासारकी हाय. चूक माज्या हातची. कागदात ओता म्हनून लिवलं हुतं, मी रचलं."

"कागदाचा आग्रह मीही धरला नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ते ऱ्हाऊ द्या, साहेब. आप्पा, दोन दिस द्या. वास ऱ्हायला तर मला गावात तोंड दावू देऊ नगा."

आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता. आप्पांनी होकाराची मान हलवली.

सहा दिवसांची रचाई त्यानं आणि बसप्पानं मिळून एका दिवसात उपसली. दुसऱ्या दिवशी टॉवर पाण्यानं भरला. पहिली पाटी धोंडीरामनं उचलली, टॉवरच्या तोंडावर धरली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. मग डोळे मिटून ओतली. रिंगा पाण्यात डुबुक डुबुक करत बुडाल्या आणि मनाला येईल तशा पडल्या. पुढच्या पाट्या त्यानं डोळे उघडे ठेवून ओतल्या.

रविवारी गॅस सोडला. साहेब शिडीवर चढून वरच्या तोंडाशी नाक नेऊन बराच वेळ उभे राहिले. वास नव्हता. खाली टाकीत मद्यार्काचं पाणी जमत होतं.

सोमवारी सकाळी धोंडीराम कुणी सांगायच्या आधीच गव्हाणीवर हजर झाला आणि गाडीतला ऊस उतरवू लागला. दुपारी बसप्पा त्याला शोधत आला.

"आप्पांनी बलावलंय, मिस्त्री. हुकूम मागं घेतलाय. दुसरा टॉवर बांधायचा म्हंत्यात."

"येतो की. एवढी गाडी हुंदे." धोंडीरामनं मोळी खाली टाकली, हात झटकले आणि गव्हाणीवरच्या पंधरावीस माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मात्र नळी तूच करायची, बसप्पा. ह्या कारखान्यात सरळ हात तुजाच हाय."