बोटभर लहान लगाम

मित्रांनो, मी एक जुना लगाम आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मला माणसांचं फारसं कौतुक नाही. तुम्ही लगाम म्हणता ते चामड्याचे पट्टे नुसते दिसायला असतात. खरा मी, घोड्याच्या जिभेवर बसणारी लोखंडी कांडी. माझे दोन तुकडे मधोमध जोडलेले आहेत आणि दोन्ही टोकांना गोल कड्या आहेत.

दिग्रसच्या एका लोहारानं मला ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून घडवलं. एका टांगेवाल्याच्या तट्टासाठी त्यानं मला घासून घासून गुळगुळीत केलं. अकरा वर्षं मी त्या तट्टाच्या तोंडात काढली आणि त्याला एकदाही खरचटलं नाही. टांगेवाला सगळ्यांना सांगायचा, असा लगाम पुन्हा होणे नाही. टांगे बंद पडले आणि ज्याची आयुष्यभर चाकरी केली त्यानंच मला भंगारात विकलं. वा रे कौतुक!

भंगारातून मला बाबारावांनी उचललं. पुसद रस्त्यावर त्यांनी घोडेस्वारीचा वर्ग काढला होता. डोक्यावर हॅट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि अक्कल म्हणाल तर घोट्यापर्यंतसुद्धा नाही. त्यांनी मला तबेल्यातल्या खिळ्याला अडकवलं. तिथं बसून मी जे पाहिलं ते सांगतो.

बाबारावांनी बादल नावाचा घोडा आणला. तो आधी वरातीत नाचायचा. अंगानं दांडगा, मान जाड, आणि ओढायला लागला की दोन माणसांना ऐकायचा नाही. त्याला ड्रेसाज शिकवायचं ठरलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत. सरळ चालायचं, गोल फिरायचं, सांगितलं तिथं शांत उभं राहायचं. शिकवणार होती समीक्षा, त्या वर्गातली एकमेव शहाणी. तरी पगार तिलाच कमी.

बाबारावांचं शास्त्र एका ओळीचं होतं. ते म्हणत, "घोडा जोरदार हाय, त लगामही जोरदारच पायजे." मग आला लांब दांड्यांचा लगाम. चार दिवस बादल वचकला, पाचव्या दिवशी पुन्हा ओढायला लागला. मग आला पीळ घातलेल्या तारेचा. तोही चार दिवस चालला. शेवटी आला काटेरी, चांदीसारखा चकचकीत, पिसारा फुलवलेल्या मोरासारखा टेंभा मिरवणारा. बादलच्या तोंडातून लाल फेस गळू लागला, तेव्हा बाबाराव पाहुण्यांना म्हणाले, घोड्यात किती जोश आहे बघा. मित्रांनो, दुखतं म्हणून जो पळतो त्याला ही माणसं जोरदार म्हणतात. थू असल्या पारखीवर!

एवढ्यात यवतमाळच्या स्पर्धेचा फॉर्म आला. समीक्षानं नियम वाचून दाखवला. पहिल्या पायरीच्या घोड्याला साधा, गुळगुळीत लगामच चालेल. बाबारावांचं तोंड कडू झालं. ते म्हणाले, ठीक आहे, पण घोडा साध्या लगामात ताब्यात आला नाही तर सोमवारी वरातवाल्याला परत. तिथं त्याच्या तोंडात काय घालतात ते तबेल्यातल्या प्रत्येक लोखंडाला माहीत होतं.

मला खिळ्यावरून काढलं तेव्हा काटेरीकडे मी पाहिलंही नाही. म्हटलं, आता बघा, जातिवंत लगाम काय असतो ते!

बादलनं मला तोंडात घेतलं, मान झटकली आणि समीक्षाला घेऊन शेजारच्या तुरीच्या शेतात घुसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला त्याचा तिटकारा आला. मी मनात म्हटलं, याची लायकीच काट्यांची. होय, मीही तेच म्हटलं. बाबारावांनी वरातवाल्याला फोन करून टाकला.

रविवारी समीक्षाची मावशी डबा घेऊन आली. कोकिळाबाई. मारेगावच्या बाजारात त्या बांगड्या भरतात. त्यांनी बादलच्या ओठांचे कोपरे पाहिले. तिथं लाल वळ उठले होते.

"माप घेतलं व्हतं काय याच्या तोंडाचं?" त्यांनी विचारलं.

बाबाराव हसले. घोड्याच्या तोंडाचं कधी कोणी माप घेतं का?

कोकिळाबाईंनी पिशवीतला दोरा काढला. समीक्षानं बादलचं तोंड धरलं आणि बाईंनी ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून गाठ मारली. मग तो दोरा माझ्यावर ठेवला. गाठ माझ्या टोकाच्या बोटभर बाहेर पडली.

त्यांनी मला मधोमध दुमडूनही पाहिलं. समीक्षानं चामड्याची वादी खेचली की माझे दोन तुकडे अडकित्त्यासारखे मिटत होते आणि मधल्या सांध्याचं टोक बादलच्या टाळूत रुतत होतं.

"पोरी, बांगडी चढत नसली त मी हात नाही ठोकत," त्या म्हणाल्या. "मी दुसरी बांगडी काढतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला भट्टीत जावंसं वाटलं. मी तट्टासाठी घडलेला होतो आणि ज्या घोड्याला मी नालायक म्हटलं त्याचेच ओठ मी तीन दिवस चिमटत होतो. बाबारावांना हसायचा माझा हक्क तिथंच संपला.

तबेल्यातल्या पेटाऱ्याच्या तळाशी एक तीन तुकड्यांचा, गुळगुळीत, माझ्यापेक्षा बोटभर लांब लगाम पडला होता. आम्ही सगळे लगाम त्याला बावळट म्हणायचो. तो दोऱ्याच्या गाठीला बरोबर बसला. समीक्षानं तो बादलच्या तोंडात घातला आणि वादी सैल सोडली. बादल उभा राहिला. त्यानं जीभ हलवून पाहिली, मान खाली घेतली आणि चालायला लागला. एक गोल फिरला. थांब म्हटल्यावर थांबला.

सोमवारी वरातवाला रिकाम्या हातानं परत गेला. यवतमाळला बादल सहावा आला. बाबाराव आता सगळ्यांना सांगतात, घोडा आपण कसा ओळखला. माणूस सुधारत नाही, हे मी लिहून देतो.

तुम्हाला एकच सांगतो. कोणी फार ओढतो, ऐकत नाही, असं वाटलं तर त्याला आवळण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा. मी बघितलं नव्हतं. आता मी पुन्हा खिळ्याला आहे आणि बादल रोज माझ्यासमोरून जातो. माझ्याजवळ आला की तो अजूनही दात घट्ट मिटतो.