रुसे घराण्याची पंगत

बोरगाव मेघेतल्या ओमप्रकाशरावांचं आपल्या आडनावाशी कधीच पटलं नाही. रुसे! आता हे काय आडनाव झालं? पुलगावच्या डेपोत पस्तीस वर्षं कारकुनी केली, तेवढी वर्षं कोणी ना कोणी विचारायचंच, "काय रुसेसाहेब, आज कोनावर?" सुरुवातीला ते चिडायचे. पुढे त्यांनी चिडणं सोडलं आणि गप्प राहायला लागले. त्यावर लोक म्हणाले, पाहा, रुसले.

गंमत अशी की माणूस खरोखरच रुसका होता. भाजीत मीठ जास्त पडलं तर ओरडायचे नाहीत, दोन दिवस नुसता ताकभात खायचे. आणि थोरल्या भावावर, कारंजा घाडग्याच्या हरिदासदादांवर, तर नऊ वर्षं रुसून होते. कारण ऐकाल तर हसाल, पण घरात ते हसण्यावारी न्यायची कोणाची छाती नव्हती. दादांच्या मुलाचं, हेमराजचं लग्न होतं. टपालाने पत्रिका आली. खाली 'आपले विनीत' म्हणून सतरा नावं. त्यात दादांच्या साडूचं नाव होतं, भाड्याने राहणाऱ्या मास्तरांचंही होतं, आणि सख्ख्या भावाचंच नव्हतं. ओमप्रकाशरावांनी पत्रिका दोनदा वाचली, उलटी करून मागेही पाहिलं, आणि कपाटात ठेवून दिली. लग्नाला गेले नाहीत. दादांनीही "का आला नाहीस" म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून दोन्हीकडे अबोला.

आता त्यांच्या मुलीचं, वर्षालीचं लग्न तेरा दिवसांवर आलं होतं. तीनशे पत्रिका छापून आल्या होत्या. खाली एकवीस नावं होती आणि हरिदास रुसे हे नाव नव्हतं. मुद्दामच नव्हतं. बायकोने, अनुसयाबाईंनी, गठ्ठा उघडून पाहिला.

"मोठ्या भावाचं नाव नाई," त्या म्हणाल्या. "पोरीवर अक्षता टाकाले तिचे मोठेबाबा नाई. हे बरं दिसते का तुमाले?"

ओमप्रकाशराव गच्चीवर जाऊन बसले.

तोंडाने काही म्हणोत, आतून त्यांना लागलं होतं. वडील लवकर गेले तेव्हा दादा चौथीत होते. त्यांनी शाळा सोडली, औत धरलं आणि धाकट्याला मॅट्रिक केलं. कारंजाची ती संत्र्याची बाग, ते घर, सगळं दादांनी एकट्याने उभं केलेलं. मंडप सजला आहे आणि त्यात दादा नाहीत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की ओमप्रकाशराव समोरचं ताट तसंच ठेवून उठायचे. पण आधी आपण बोलायचं? ते काही जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी भाट आले. घराण्यांची नावं पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवणारे हे लोक. पाच-सात वर्षांनी एकदा येतात, नवे जन्म आणि नवी लग्नं वहीत चढवतात, जुनी नावं वाचून दाखवतात आणि धान्य-धोतर घेऊन पुढच्या घरी जातात. भैय्याजींचा बाप घोड्यावर यायचा म्हणे. हे मोटारसायकलवर आले, वही मात्र तीच, लाल फडक्यात बांधलेली.

वर्षालीने त्यांना चहा दिला आणि समोरच बसली.

"भैय्याजी, हे रुसे आडनाव आमाले देलं कोनं? माही तं बारा दिवसांनी सुटका हाये, पन बाबाले जन्मभर तरास झाला याचा."

"देलं?" भैय्याजी हसले. "बेटी, हे आडनाव कमावलेलं हाये. आधी तुमी गावंडे होते."

ओमप्रकाशराव पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

भैय्याजींनी फडकं सोडलं, पानं उलटली आणि अर्धं गात, अर्धं बोलत वाचायला सुरुवात केली. सात पिढ्यांमागे रामजी गावंडे नावाचा नवरदेव वरात घेऊन सेलूकडे गेला. लग्न लागलं, पंगत बसली आणि रीतीप्रमाणे नवरदेव रुसला. आता नवरदेवाने रुसायचं, सासऱ्याने काहीतरी कबूल करायचं आणि मग जेवायचं, हे ठरलेलंच असतं. सासऱ्याने गाय देऊ केली. रामजी बोलेना. बैलजोडी देऊ केली, तरी ताटाला हात लावेना. मांडवात कुजबुज सुरू झाली, की पोरगा हावरट दिसतो, शेत मागतो की काय. शेवटी सासऱ्याने पागोटं काढून हातात घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, पाहिजे तरी काय?"

"तं रामजी म्हनते," भैय्याजींनी बोट ओळीवर ठेवलं, "माहा मोठा भाऊ शिवराम घरी बसला हाये. त्याले येगळं आवतन नाई गेलं म्हनून तो आला नाई. तो माह्या बाजूले बसल्याबिगर मी जेवत नाई."

बैल जुंपून दमणी धाडली. भाऊ यायला तिसरा दिवस उजाडला. तेवढे दिवस वरात मुलीवाल्यांकडेच आणि सासऱ्याच्या घरातलं पीठ संपलेलं. शिवराम आला, दोघं भाऊ एका पानावर जेवले, आणि म्हातारा सासरा भर मांडवात म्हणाला, की रुसावं तर असं. तेव्हापासून गाव त्यांना रुसेच म्हणायला लागलं.

जन्मभर ज्या नावाने टोचलं, ते असं निघालं! ओमप्रकाशरावांना एकाच वेळी हसू आलं आणि रडूही.

"परवा कारंजाले गेलतो," भैय्याजी वही बांधता बांधता सहज म्हणाले. "तुमच्या दादानं हेच पान तीनदा वाचून घेतलं."

"काय म्हने?"

"काई नाई. उठून बागेत गेले."

ओमप्रकाशराव उभे राहिले. "वर्षाली, गाडी काढ. पत्रिकेचा गठ्ठा घे."

"अवो, जेवून तं जा," अनुसयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी आता दादाजवळच जेवीन," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

कारंजाला पोचायला दुपार झाली. दादा ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. भावाला पाहून ते उठले, आत गेले. ओमप्रकाशराव ओट्यावर बसले. मनकर्णावहिनी धावत बाहेर आल्या, "आले बाई माहे भाऊजी!" म्हणाल्या आणि पाणी विचारण्याआधी जेवणच विचारलं.

"दादा बाजूले बसल्याबिगर मी जेवत नाई, वहिनी."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आता काय करू मी या घराले! थे आत काय करून राह्यले, माहीत हाये? भैय्याजी गेला तवापासून चहा अन् केळ्यावर हायेत. म्हनते, लहान्या आल्याबिगर जेवत नाई. बोलवा म्हटलं, तं म्हनते, बोलावनार नाई."

"मंग मी आलो ना! बसा म्हना आता."

"त्याले म्हना आधी तू बस," आतून आवाज आला.

पाट मांडले गेले, ताटं वाढली गेली, पाटोडीचा रस्सा निवायला लागला. एक भाऊ बाहेर, एक भाऊ आत, आणि दोघांच्या पोटात कावळे. वर्षाली मात्र या घराण्यातून सुटायला बारा दिवस राहिलेली पोरगी, ती मुकाट्याने जेवायला बसली आणि दुसरी पोळी मागून घेतली.

शेवटी वहिनींचा धीर सुटला. त्यांनी कपाटातून एक जुनी पत्रिका काढली आणि ओमप्रकाशरावांच्या मांडीवर आपटली. "हे पाहा अन् मंग रुसा, किती रुसाचं थे!"

हेमराजच्या लग्नाची पत्रिका. तीच सतरा नावं. पण त्यांच्या वर, निळ्या शाईने, हाताने लिहिलेलं अठरावं नाव होतं: श्री. ओमप्रकाश रुसे. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर. 'प्र' दोनदा गिरवलेला.

"छापनाऱ्यानं तुमचं नाव सोडलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुमाले हेमराजनं घाईत पहिलीच धाडून देली, कोनाले न इचारता. बाकी चारशे पत्रिकांवर ह्यायनं दोन दिवस बसून तुमचं नाव लिवलं. अंगठा सुजला होता. मंडपात सारखे रस्त्याकडं पाहत."

ओमप्रकाशराव पत्रिका घेऊन थेट आत गेले. "दादा, हे मले सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

ओमप्रकाशराव दादांच्या पायाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. दादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल ओम्या. लय भूक लागली."

दोघं एका ताटात जेवले. वहिनी वाढून दमल्या.

जेवणं झाल्यावर दादांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका घेतली आणि चष्मा लावून खालची नावं वाचायला लागले. एकवीस नावं वाचून झाली. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली.

"अजून एकही वाटली नाई, दादा," ओमप्रकाशराव खाली मान घालून म्हणाले आणि खिशातला पेन काढला.

ओट्यावर चटई पसरून ते लिहायला बसले. सगळ्यात वर, श्री. हरिदास रुसे. दादा शेजारी बसून शाई वाळवत होते.

"किती भरभर लिवते रे तू," ते कौतुकाने म्हणाले.

"तूच तं शिकवलं."

वर्षालीने होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि सांगून टाकलं, की आडनाव बदलायचा विचार मी रद्द केला, रुसलास तरी चालेल. मग तीही पेन घेऊन बसली, पण दादांनी तिच्या हातून तो काढून घेतला. हे काम ओम्याचंच, म्हणाले.

दीडशे पत्रिका झाल्यावर ओमप्रकाशरावांनी बोटं मोडली. दादा त्यांच्याकडे पाहत होते.

"लग्नाले येतो मी," ते म्हणाले. "पन सांगून ठेवतो, पंगतीत रुसन."

"आता कायले?"

"तू पोरीचा बाप. पाहुन्याइले वाढून तू सगळ्याच्या मांगून जेवशीन. तवरक मी ताटाले हात लावनार नाई."

ओमप्रकाशराव पुढची पत्रिका ओढून पुन्हा लिहायला लागले.