आबांच्या नावावरचे एक्केचाळीस गेम

उधन्याच्या तायड्यांच्या घरात फ्रीज सोडला तर सगळं भिवा तायडे यांच्या नावावर आहे. फ्रीज तेवढा नाही, कारण तो त्यांच्या बायकोच्या, मीराबाईंच्या, भावानं दिलेला आणि मीराबाई ते कोणाला विसरू देत नाहीत. गॅस, लाइटचं मीटर, वायफाय, आणि भिवाआबांना चालवता न येणारी स्कूटर, सगळं त्यांच्याच नावावर. कुठल्याही फॉर्मवर मोबाइल नंबरही त्यांचाच. रेल्वेतून रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले तेव्हा घेतलेला तो नंबर त्यांनी कधी बदलला नाही. बाकीच्यांनी चपला बदलाव्यात तसे नंबर बदलले. त्यामुळे या घरातल्या माणसाच्या हातात फॉर्म दिला की हात आपोआप आबांचा नंबर लिहून मोकळा होतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. तो बटणांचा फोन फ्रीजवर पडलेला असतो. वाजला की आबा चष्मा शोधतात, आणि चष्मा सापडेपर्यंत फोन थांबतो.

नऊ वर्षांपूर्वी घरात गेमचं मशीन आलं तेव्हा आबांचा नातू धम्मरत्न सतरा वर्षांचा होता आणि त्याची बहीण विशाखा बारा. आईवडील रोजच्यासारखे कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर, सकाळचे गेलेले. खातं उघडायला मोठं माणूस हवं होतं, म्हणून खातं निघालं आबांच्या नावावर. त्यानंतर नऊ वर्षं दोघं त्यावर गेम घेत राहिली. डबी नाही, कागद नाही. पैसे दिले की गेम वायफायवरून उतरतो. असे एक्केचाळीस झाले. त्यांतले नऊ पुरे खेळलेले, अकरा अर्ध्यावर सोडलेले, आणि एकवीस सेलमध्ये स्वस्त होते म्हणून घेतलेले. या एकवीसांवरून धम्मरत्नला कोणी बोललं की तो वर माळ्याकडे बोट दाखवतो. तिथे मीराबाईंचे स्टीलचे डबे आहेत, नाव कोरलेले, एकदाही न वापरलेले.

यंदा धम्मरत्नचं लग्न झालं आणि कामरेजला नवीन नोकरी लागली. रविवारी तो आणि राखी तिकडे राहायला जाणार होते. सामानाची वाटणी सोपी झाली. कुकर त्यांना, मोठी परात इथे. जुनं मशीन त्यानं मोठ्या मनानं बहिणीला दिलं, कारण तो नवीन घेणार होता. अडलं खात्यावर. खातं एका वेळी एकाच मशीनवर चालतं.

"गेम मी घेतलेत," धम्मरत्न म्हणाला.

"अर्धे माझ्या मेंदीच्या ऑर्डरींतून आलेत, दादा. आणि माझं गाव त्याच्यात आहे."

विशाखाचं गाव म्हणजे एका गेममधलं गाव. लॉकडाउनमध्ये तिनं तिथे पहिली झोपडी बांधली. आता तिथे दीडशे घरं, नदीवर तीन पूल, एक स्टेशन आणि जिच्यावर तिचा खास जीव ती लायब्ररी आहे. हे सगळं खात्यात साठवलेलं. खातं कामरेजला गेलं की मशीन इथे राहूनही गाव गेलं.

"अरे, पासवर्ड देईन ना तुला. चालशे ने?" गोड बोलायचं असलं की धम्मरत्न गुजरातीत शिरतो.

"तू माझा हेडफोन पण परत देणार होतास."

गुरुवारी दुपारी विशाखा क्लासला गेलेली पाहून धम्मरत्न मशीनसमोर बसला आणि खात्याचा नंबर बदलून स्वतःचा घालायला लागला. फ्रीजवरचा फोन वाजला. आबांनी चष्मा शोधला.

"काय आलंय, आबा? सहा आकडे असतील. वाचा जरा."

आबांनी मनात वाचले आणि फोन बंडीच्या खिशात टाकला. "हा ओटीपी आहे."

"हो, तोच."

"बँकेचा माणूस आला होता मागं. ओटीपी बायकोलाही सांगायचा नाही म्हणून गेला."

"मले तर अजून नाही सांगितला एकही," मीराबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. त्यांना ते लागलेलं होतं.

"आबा, मी नातू आहे तुमचा!"

"नातवाचं नाव नव्हतं घेतलं त्यानं. पण बायकोला नाही, तर नातवाला कसा?"

धम्मरत्ननं दुसरी वाट शोधली. स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: नंबर जवळ नाही? खातेदाराची जन्मतारीख टाका. त्यानं शाळेच्या दाखल्यावरची टाकली, एक जून. गावच्या मास्तरांनी ज्यांची तारीख माहीत नाही त्या सगळ्यांना एक जूनलाच जन्माला घातलं होतं. चूक. मग आधार कार्डावरची टाकली, एक जानेवारी. चूक. स्क्रीन काळी झाली आणि पांढऱ्या अक्षरांत मजकूर आला: खातं सगळीकडून बंद करण्यात आलं आहे. एक संधी शिल्लक. तीही चुकली तर खातं बंदच राहील. परत उघडायला नोंदवलेल्या जन्मतारखेचा सरकारी पुरावा पाठवावा लागेल.

नेमकी तेव्हाच विशाखा घरात शिरली. क्लास सुटला होता.

तिनं स्क्रीन वाचली, भावाचं तोंड वाचलं आणि दप्तर खाली न ठेवता म्हणाली, "माझं गाव घालवलंस ना?"

"अजून एक चान्स आहे."

"तुझ्याकडे चान्स राहिला की मला भीती वाटते. फॉर्म कोणी भरलेला तेव्हा?"

"तूच. मी वायरी जोडत होतो."

तेही खरं होतं. विशाखा मटकन खाली बसली. बारा वर्षांची असताना काय तारीख टाकली, ते तिला काही केल्या आठवेना. "आजी, आबांचा वाढदिवस कधी असतो?"

"आमच्यात कुठं होता वाढदिवस? सासूबाई सांगत, ते झाले तेव्हा गावची विहीर खोदत होते. पाणी लागलं त्याच्या आदल्या दिवशी."

"विहिरीची तारीख आहे का कुठे?"

"पाणीच नाही राह्यलं तिला, तारीख कुठची राहणार?"

विशाखानं वहीत लिहून काढलं. दाखल्यावर एक जून, आधारवर एक जानेवारी, रेल्वेच्या सर्व्हिस बुकात पंधरा जुलै. एका माणसाच्या तीन जन्मतारखा, वर विहीर. दोन उडालेल्या. उरली पंधरा जुलै. धम्मरत्नचं बोट बटणाकडे निघालं.

"थांब," आबा म्हणाले. "माझ्या नावावर काय आहे ते आधी मला कळू दे. नऊ वर्षांत कोणी दाखवलं नाही."

आबा खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. खातं बंद असल्यामुळे दाखवायला काही नव्हतं, म्हणून विशाखानं एक्केचाळीस नावं तोंडी म्हटली. आबांनी ड्यूटीचा चार्ज घेताना यादी ऐकावी तशी ऐकली.

"एवढे सगळे माझ्या मालकीचे?"

"हो, आबा," धम्मरत्न घाईनं म्हणाला.

"नाही, आबा," विशाखा म्हणाली. तिनं आपल्या मोबाइलवर कंपनीच्या अटी उघडल्या होत्या. एक्केचाळीस वेळा 'मान्य आहे' दाबून घरातल्या कोणीही त्या वाचल्या नव्हत्या. ती मराठीत करून सांगू लागली. "आपण गेम विकत घेतलेला नाही. खातं चालू आहे तोपर्यंत वापरायची परवानगी घेतलीय. ती दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, वारसाला जात नाही. आणि कंपनीला वाटलं तर ती काढून घेऊ शकते."

"पैसे देऊनही?" मीराबाईंनी विचारलं.

"देऊनही."

मीराबाईंनी वर माळ्याकडे पाहिलं. आपल्या डब्यांबद्दल त्यांचं मत त्या क्षणी आणखी पक्कं झालं असणार.

आबांना मात्र काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "म्हणजे क्वार्टर," ते म्हणाले.

"काय?"

"रेल्वेचं क्वार्टर रे. बावीस वर्षं राहिलो. दर दिवाळीला माझ्या खर्चानं रंग दिला. मागं शेवगा लावला. रिटायर झालो तसा साहेब आला, नळ मोजले, बल्बचे होल्डर मोजले, चावी घेतली. शेवगा तिथंच."

"शेवगा द्यायला नको होता," मीराबाई म्हणाल्या. हे त्या पंधरा वर्षांपासून म्हणत आहेत. "निदान शेंगा तरी उतरवून घ्यायच्या."

"अगं, फुलावर होता तेव्हा."

"आबा, गाव," विशाखानं आठवण करून दिली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. ते ऐकून धम्मरत्ननं बटणावरचं बोट काढलं आणि कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. "टाक तू. मी टाकली तर तू मला जन्मभर सोडणार नाहीस."

"पंधरा जुलै टाकू?"

"ती नको," आबा म्हणाले. "ती रेल्वेतल्या क्लार्कनं टाकलेली. तू लहान असताना मला विचारलं होतंस. मी कपडे वाळत घालत होतो. तू म्हणालीस, आबा, जन्म कधी झाला, लवकर सांगा, दादा ओरडतोय. मग मी खरी सांगितली."

"खरी? तुमच्याकडे खरी पण आहे?"

"चौदा ऑक्टोबर छप्पन."

धम्मदीक्षेचा दिवस. ही तारीख त्या घरात सगळ्यांना पाठ. तिच्यासाठी कोणाला वही लागत नाही. आबा तेव्हा सहा वर्षांचे होते. भुसावळहून गच्च भरलेल्या गाडीतून बापानं त्यांना नागपूरला नेलं, त्या गर्दीत दीक्षेला खांद्यावर घेऊन उभा राहिला, आणि परत येताना म्हणाला, आजपासून तू माणूस.

"पण आबा, तो वाढदिवस थोडाच आहे," धम्मरत्न हळूच म्हणाला.

"मग माझा कोणता आहे? मास्तरचा, क्लार्कचा का विहिरीचा?"

विशाखानं वही मिटली. पण आता चुकलं तर ही तारीख सिद्ध करणारा कागद जगातल्या कोणत्याही कचेरीत मिळणार नव्हता. विशाखानं कंट्रोलर आबांकडे दिला. आबांनी एकेक आकडा शोधून दाबला, प्रत्येक आकड्यानंतर स्क्रीनकडे पाहिलं. एक, चार. एक, शून्य. पाच, सहा. मग खाली 'पुढे'.

चक्र फिरत राहिलं. धम्मरत्ननं डोळे मिटले. विशाखानं मिटले नाहीत.

मग एक्केचाळीस चौकोनी चित्रं एकदम उजळली, आणि मीराबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं होय?"

स्क्रीनवर विचारलं होतं: नवीन मोबाइल नंबर? धम्मरत्न पुढे सरकला. आबांनी कंट्रोलर छातीशी धरला.

"हे बघ, धम्मा. क्वार्टर असतं ड्यूटी जिथं त्याला. बदली झाली की सोडायचं. बदली तुझी झाली, हिची नाही. तूच मागून घेतलीस."

"आबा, हा अन्याय आहे!"

"अपील कर. साहेब मीच आहे."

आबांनी स्वतःचा नंबर तसाच ठेवला. विशाखा तोवर आपल्या गावात पोचली होती आणि दीडशे घरं मोजत होती. लायब्ररी जागेवर होती.

रविवारी टेम्पो कामरेजला गेला, कुकरसह. धम्मरत्न दोन दिवस रुसला आणि मंगळवारी त्यानं नवीन मशीन आणलं. राखीसमोर जाहीर केलं की आता जे काही होईल ते स्वतःच्या नावावर. नाव टाकलं, धम्मरत्न तायडे. जन्मतारीख टाकली, एकुलती एक. पुढचा रकाना भरता भरता तो राखीला नवीन गेमबद्दल सांगत होता. हात आपोआप चालला.

उधन्यात फ्रीजवरचा फोन वाजला. आबांनी चष्मा शोधला, सहा आकडे वाचले आणि फोन खिशात टाकला. अर्ध्या मिनिटात कामरेजहून फोन आला.

"आबा, तो... तो जरा वाचा ना."

"फोनवर सांगायचा नसतो," आबा म्हणाले. "रविवारी ये."

"आबा, तो दहा मिनिटांत संपतो!"

"मग इथं बसून दुसरा मागव. मशीन घेऊन ये. राखीलाही आण." मीराबाई काहीतरी खुणावत होत्या, आबांनी मान डोलावली. "आणि येताना बाजारात शेवग्याच्या शेंगा बघ. तुझी आजी म्हणते, इथं महाग झाल्यात."